मागचा कॉक

2020 च्या पावसाळ्यात आमच्या घरी विमानाचा विषय निघाला. करोनामुळे सगळी माणसं घरात. माझा धाकटा पुतण्या ओझरच्या विमान कारखान्यात आहे, तोही त्या दिवसांत नांदगावला मळ्यात येऊन राहिला होता. बातमी आली की धुळ्याच्या धावपट्टीवर कॅप्टन अमोल यादवांचं विमान उडालं. मालेगाववरून धुळं म्हणजे आम्हाला काही लांब नाही. एरवी असतं तर मोटारसायकल काढून गेलोच असतो.

जायची ओढ असायला कारण होतं. ते विमान मी जवळून बघितलेलं. माझी मुलगी मुंबईला असते. 2016 च्या फेब्रुवारीत तिनं मला बांद्रा-कुर्ला संकुलात मेक इन इंडियाचं प्रदर्शन दाखवायला नेलं. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं बघून डोळे दमले होते. तेवढ्यात हे सहा जणांचं विमान दिसलं. एका मराठी माणसानं कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. गच्चीवर! आम्ही गच्चीवर कुरडया वाळत घालतो. भोवती गर्दी होती, लोक फोटो काढत होते. मी मात्र त्याच्या पोटाखाली वाकून बघत होतो. मुलगी म्हणाली, "नाना, काय शोधताय?" म्हटलं, "पेट्रोलची टाकी कुठं ठेवलीय ते बघतोय."

तिला हसू आलं. पण ज्यानं आयुष्यात इंजिनं चालवली त्याचा डोळा आधी तिकडंच जातो. इंधन कुठं आहे, ते कोणत्या वाटेनं जातं, आणि बंद करायचं झालं तर हात कुठं घालायचा. यादवांच्या विमानाची टाकी कशी आहे ते काही मला तिथं समजलं नाही. त्या माणसानं नोंदणीच्या कागदासाठी वर्षानुवर्षं खेपा घातल्या. पुढं 2017 च्या नोव्हेंबरात नोंद मिळाली. तेव्हा मला राग यायचा. एका माणसानं अक्कल लावून काही केलं की त्याला कागदात का गाडता, असं मी चारचौघांत तावातावानं बोलायचो. आम्ही शेतकरी माणसं, कागदाशी आमचं जुनं वैर.

त्या रात्री ओट्यावर बसून मी तेच बोललो. पुतण्या ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नाना, तुम्ही म्हणता ते खरंय. पण आमच्याकडं साधा पाना जरी घेतला तरी मोजून परत द्यावा लागतो. सुरुवातीला मलाही राग यायचा. नंतर एक गोष्ट वाचली, तेव्हापासून येत नाही." आणि त्यानं मला जॉन डेन्व्हरची गोष्ट सांगितली.

हा अमेरिकेतला मोठा गायक. गावाकडच्या वाटांची, घराच्या ओढीची गाणी म्हणायचा. त्याला उडायची हौस. वडीलही वैमानिक होते म्हणे. 1997 मध्ये त्यानं एक छोटं विमान घेतलं, लाँग-ईझी नावाचं. बर्ट रुटान नावाच्या कल्पक माणसानं त्याचा आराखडा केलेला. आराखड्याचे कागद विकत घ्यायचे आणि विमान आपलं आपण घरी बांधायचं, असा तो प्रकार. फोम आणि काचेच्या धाग्याचं अंग, इंजिन मागं, छोटे पंख पुढं. तिकडं अशी घरी बांधलेली विमानं हजारोंनी आहेत. नियम एवढाच की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं पाहिजे, आणि आत पाटी लावायची की हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नाही. बसणाऱ्यानं वाचावं आणि मग बसावं.

डेन्व्हरनं स्वतः ते बांधलेलं नव्हतं. त्यानं सेकंडहँड घेतलं. बांधणारा तिसराच कुणी, टेक्सासमधला. त्या विमानाला दोन टाक्या, एक डाव्या पंखाच्या मुळाशी, एक उजव्या. एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल घ्यायचं. ती संपत आली की कॉक फिरवून दुसरी लावायची. आपल्या जुन्या मोटारसायकलला रिझर्व्हचा कॉक असायचा तसंच. आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मधल्या जागेत दिला होता. हात खाली नेला की सापडावा असा. पण बांधणाऱ्याला आपण बसतो त्या जागेत पेट्रोलच्या नळ्या नको होत्या. उद्या गळती झाली, आग लागली तर? म्हणून त्यानं तो कॉक मागं नेला, डाव्या खांद्याच्या पाठीमागच्या भिंतीवर.

पुतण्या इथवर आला आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याला वाटलं मी गोष्टीत रंगलो. मी रंगलो नव्हतो. मला माझ्या विहिरीवरची शेड दिसायला लागली होती.

पण आधी त्याची गोष्ट पुरी करतो. कॉकवर कोणत्या बाजूला कोणती टाकी याच्या खुणा नव्हत्या. पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या काचाही बसणाऱ्याच्या मागं, आणि त्यांवरही आकडे नाहीत. डेन्व्हरनं आदल्या दिवशी अर्धा तास ते विमान चालवून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी, 12 ऑक्टोबरला, उडायच्या आधी तिथल्या मेकॅनिकशी त्याचं या कॉकवरच बोलणं झालं. हात नीट पुरत नाही म्हणून पकड लावून दांडा लांब होतो का तेही त्यांनी बघितलं. जमलं नाही. मेकॅनिकनं मागच्या काचा दिसाव्यात म्हणून त्याला एक छोटा आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारलं, तर तो नको म्हणाला, तासभरच तर उडायचंय. कॉक फिरवायची वेळ आलीच तर विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्र लावीन आणि मग फिरवीन, असं म्हणाला. आणि गेला. थोड्याच वेळात मॉन्टेरीच्या उपसागरात विमान पडलं. त्रेपन्न वर्षांचा होता.

तिकडच्या चौकशी करणाऱ्यांनी तशाच विमानात माणसं बसवून पाहिली. त्या कॉकला हात घालायचा तर पट्टा सैल करावा लागतो, अंग डावीकडं पूर्ण वळवावं लागतं, आणि उजवा हात डाव्या खांद्यावरून मागं न्यावा लागतो. तसं वळलं की माणूस आधाराला नकळत उजवा पाय दाबतो. त्या पायाखाली विमानाचं तोंड वळवणारा पॅडल. अहवालात पहिलं कारण लिहिलं ते वैमानिकाचंच. त्याचं लक्ष उडण्यावरून उडालं, पाय दाबला गेला, पेट्रोल भरून घेतलं नव्हतं. बांधणाऱ्यानं कॉक अवघड जागी, खुणेशिवाय बसवला हेही लिहिलं, पण नंतर, जोडकारण म्हणून.

"बघा नाना," पुतण्या म्हणाला, "बांधणाऱ्यानं वाईट काही केलंच नव्हतं. सुरक्षेसाठीच केलं."

मी म्हटलं, "झोप आता."

आता माझं सांगतो. हे मी आजवर लिहिलं नाही. आमच्या घरातही कुणाला नीट माहीत नाही.

आमचा तालुका कोरडा. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पण पाणी खाली जळगावकडं जातं. आमच्या नशिबी विहीर आणि तिच्या तळाशी असेल तेवढं. 1989 च्या सुमाराला माझ्याकडं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं, जड चाकाचं, पट्ट्यावर पंप फिरवणारं. वीज आमच्या मळ्यात आलेली नव्हती. कंपनीनं दिलेली टाकी लहान. रात्री कांद्याला पाणी लावलं की मधेच डिझेल संपायचं. संपलं की नळीत हवा धरायची. मग फिल्टरची एअर काढा, नोझलपाशी सैल करा, पुन्हा हँडल मारा. तोवर पंपाचं पाणी उतरलेलं. फुटबॉल गळका असला तर पाइपात पुन्हा पाणी ओता. ज्यानं जानेवारीच्या थंडीत हे केलंय त्यालाच ते कळेल.

दुसरा ताप चोरांचा. रात्री कुणी नसलं की टाकीतलं डिझेल काढून न्यायचे. त्यात आमचा भाग तेलाच्या वाटेवरचा. मनमाडजवळ पानेवाडीला कंपन्यांचे डेपो, टँकरच्या रांगा. इंधनाला पाय फुटतात हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. पुढं 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं, तेव्हा सगळ्या देशाला आमच्या तालुक्याचं नाव कळलं. टाकीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे यावर त्या माणसाचा जीव गेला. पण हे ओघात आलं, म्हणून लिहिलं. माझी चोरी दोन-पाच लिटरची होती.

मनमाडला एक म्हातारे वेल्डर होते. त्यांच्याकडून मी पत्र्याची वीस लिटरची टाकी करून घेतली. आत मधे आडवी पट्टी, डिझेल हिंदकळू नये म्हणून. झाकणाला बारीक भोक, नाहीतर आत हवा जात नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. तळाला खोलगट भाग आणि बोल्ट, पाणी आणि गाळ काढायला. म्हातारबाबांनी हे सगळं मला न विचारता केलं. टाकी शेडच्या भिंतीला वरती टांगली. कंपनीची लहान टाकी तशीच राहू दिली, राखीव म्हणून. दोन्हींच्या नळ्या एका कॉकवर आणल्या. मोठी संपली, इंजिन खोकायला लागलं, की कॉक फिरवायचा आणि लहानीवर न्यायचं. इंजिन बंद पडू द्यायचं नाही, म्हणजे हवा धरत नाही.

कॉक कुठं बसवायचा हे वेल्डरनं विचारलं. ते म्हणाले, पुढं बसवू. मी म्हटलं, पुढं नको. चोराला दिसेल, नळी सोडून बाटल्या भरेल. मागं बसवा, इंजिन आणि भिंतीच्या सांदीत. म्हातारबाबांनी माझ्याकडं बघितलं. "हात पट्ट्यावरून न्यावा लागंल, पोरा." मी म्हटलं, "माझा मी नेईन."

माझा मी नेईन. हे वाक्य बोललो तेव्हा त्यात काही चूक नव्हती, असं मला अजून वाटतं. इंजिन माझं, विहीर माझी, हात माझा. माणसानं स्वतःच्या जिवावर काय जोखीम घ्यावी हे दुसऱ्यानं का ठरवावं? शेतकरी रोज घेतो. विहिरीत उतरतो, रात्री सापाकिरड्यातून पाणी भरायला जातो. कंपनीनं दिलं तसंच वापरायचं म्हटलं असतं तर माझा कांदा वाळला असता, कारण ज्यानं ते इंजिन आखलं त्याला माझी रात्र माहीत नव्हती. बदल करणं हा गुन्हा नाही. आम्ही बदल करूनच जगलो.

पाच वर्षं मी तो कॉक फिरवला. कसा फिरवायचा ते माझ्या अंगाला माहीत झालं होतं. आधी डोक्याचा टॉवेल काढून खुंटीला लावायचा. बाही कोपराच्या वर दुमडायची. उजवा हात भिंतीला टेकवायचा, डावा पाय पायाच्या सिमेंटला लावायचा, आणि डावा हात पट्ट्याच्या वरून, कोपर उंच ठेवून मागं न्यायचा. हे सगळं आता लिहिताना मला कळतंय. तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काय त्यात, कॉक फिरवायचा. हाताला आलेली गोष्ट तोंडाला सांगता येत नाही. मला आपण काही अवघड करतोय हेच वाटेनासं झालं होतं.

हे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. की बाबा, मला माहीतच नव्हतं, मग सांगणार काय? पण ते खरं नाही. टॉवेल मी का काढायचो? कारण दुसऱ्या वर्षी एकदा टॉवेलचं टोक पट्ट्यात गेलं होतं. मान खाली खेचली गेली, टॉवेल फाटला म्हणून वाचलो. घरी सांगितलं नाही. टॉवेल कुठं गेला विचारलं तर म्हटलं, नाल्यात वाहून गेला.

1994 ला माझ्या मळ्यात वीज आली. इंजिन विकायला काढलं. मालेगावच्या अंगाचे एक शेतकरी आले, लांबचे पाहुणेच. सोबत त्यांचा मुलगा, पंधरा-सोळा वर्षांचा. मी हँडल मारून इंजिन चालू करून दाखवलं. टाकी दाखवली तेव्हा पाहुणे खूष झाले. मुलगा खाली वाकून सांदीत बघत होता. त्यानं विचारलं, "हा कॉक असा मागं का?" मी म्हटलं, "चोरांसाठी. त्यांचं डोकं चालत नाही इथवर." आणि हसलो. मला त्या युक्तीचा अभिमान होता.

त्या वेळी टॉवेल माझ्या मनात आला. मला स्पष्ट आठवतं. सांगावं, असंही आलं. पण सौदा साडेचार हजारावर अडलेला. पाहुणे चार हजार म्हणत होते. इंजिनात काही खोट आहे असं वाटलं असतं तर ते चारावरच बसले असते. मी बोललो नाही. साडेचार हजार घेतले, नारळ दिला, इंजिन बैलगाडीत चढवू लागलो.

पुढच्या फेब्रुवारीत निरोप आला. पोरगं रात्री एकटंच कांद्याला पाणी भरत होतं. इंजिन खोकायला लागलं. अंगावर शाल होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि हात कोपरापासून मोडला.

मी दवाखान्यात गेलो. मोसंबी घेऊन गेलो होतो. पाहुण्यांनी मलाच चहा पाजला. म्हणाले, "तुमचं काय त्यात. पोराला अक्कल नाही. चालू इंजिनात शाल घेऊन कुणी हात घालतं का?" मुलगा कॉटवर पडून भिंतीकडं बघत होता. मी म्हटलं, "होतं असं." बस. एवढंच बोललो. एसटीनं परत आलो.

लोक म्हणतील, बेकायदेशीर काय केलंस? काहीच नाही. जुना माल, जसा आहे तसा घेतला. कॉक दाखवलाही होता. मुलानं स्वतः वाकून बघितला होता. कुठल्या पंचानं मला दंड केला नसता. मीही माझ्या मनाच्या पंचापुढं पंचवीस वर्षं असाच सुटत आलो. ज्या रात्री पुतण्यानं ती गोष्ट सांगितली त्या रात्री सुटलो नाही.

पुतण्याचं म्हणणं मी पुष्कळ घोळवलं. हेतू चांगला होता. त्या टेक्सासवाल्याचा हेतू तर माझ्यापेक्षा चांगला, आगीपासून वाचायचं. माझा, डिझेल वाचवायचा. तो त्याच्या विमानात नीट उडाला असेल, कारण कॉक कुठं आहे हे त्याचं त्यानं ठरवलेलं. आपण आपल्यासाठी केलेला बदल आपल्यापाशी असेपर्यंत आपला असतो. वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की बदल तिच्यासोबत जातो, पण तो सांभाळायची सवय आपल्याच अंगात राहते. विकताना आपण लोखंड देतो, ती सवय देत नाही. आणि घेणाऱ्याला काय विचारावं हेसुद्धा माहीत नसतं. डेन्व्हरला तर कॉक अवघड आहे हे माहीत होतं, चांगलं बोलणं झालं होतं त्यावर, तरी गेला. म्हणजे नुसतं सांगूनही भागत नाही कधी कधी. मग मी सांगितलं असतं तर पोराची बोटं वाचलीच असती का? माहीत नाही. हा प्रश्न मला सुटण्याची वाट वाटायचा. आता वाटत नाही. वाचली असती की नाही हे माझ्या हातात नव्हतं, सांगणं हातात होतं.

कागदाविषयीचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. यादवांना जी वर्षं घालवावी लागली ती कुणी परत देणार नाही. पण कागद म्हणजे काय, याचा मी वेगळा विचार करायला लागलो. बांधणारा जिथं नसेल तिथं त्याच्या वतीनं बोलणारी ती चिठ्ठी. इथं मी कॉक हलवलाय, हात असा घाला, टॉवेल काढा. माझ्या टाकीवर खडूनं जरी एवढं लिहिलं असतं. मी दहावी शिकलोय, लिहिता येत होतं.

2021 च्या दिवाळीनंतर मी मालेगावकडं गेलो. पाहुणे वारून बरीच वर्षं झाली होती. तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. मधे आम्ही मनमाडच्या मार्केटला एक-दोनदा भेटलो होतो, कांद्याच्या ट्रॅक्टरवरून त्यानं डावा हात वर करून रामराम घातला होता. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. बायकोला म्हणाला, "नांदगावचे नाना आलेत, इंजिनवाले."

मी सांगितलं. टॉवेलचं सांगितलं, साडेचार हजाराचं सांगितलं. मधे कुठं थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून एका दमात सांगितलं. तो खाली बघत होता. मला वाटलं शिव्या देईल. नाहीतर म्हणेल, जाऊ द्या नाना, झालं ते झालं. यातलं काहीही चाललं असतं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म्हणजे तुमचाही टॉवेल गेला होता."

"हो."

"बापानं मला मरेपर्यंत बावळट म्हटलं," तो म्हणाला. "लग्न जमवतानाही पाहुण्यांपुढं सांगायचा, यानं चालू इंजिनात हात घातला. मलाही वाटायचं, खरंच आपल्याला कसं कळलं नाही. माझ्या पोरांना मी कधी यंत्राला हात लावू दिला नाही. म्हणायचो, आपल्या घराण्यात ती अक्कल नाही."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. बोटांचा केला होता. बोटांसाठीच माफी मागायला गेलो होतो. मी गप्प राहिलो तेव्हा नुसती माझी चूक झाकली असं मला वाटत होतं. पण चूक अशी झाकून राहत नाही, ती कुणाच्या तरी नावावर चढते. सातबाऱ्यावर नाव चढावं तशी ती त्या पोराच्या नावावर चढली होती, आणि त्याचा बाप ती तशीच बघून गेला. बापाला आता कोण सांगणार?

मी म्हटलं, "तुझी चूक नव्हती. तीन वर्षं जास्त वापरलं असतंस तर तूही टॉवेल काढून ठेवला असतास." हे मूर्खासारखं बोलणं होतं, पण दुसरं सुचलं नाही.

त्याची बायको चहा घेऊन आली. तो उठला. म्हणाला, "चला, विहिरीवर जाऊन येऊ."

इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. शेडचा पत्रा उडालेला, भिंत अर्धी उभी. पायाचं सिमेंट तेवढं शिल्लक, त्यातून गंजलेले चार बोल्ट वर आलेले. भिंतीवर माझ्या टाकीच्या खुंट्या मारल्याच्या खुणा दिसत होत्या. त्याचा थोरला मुलगाही मागं मागं आला होता, बारावीचा असेल.

"आता दाखवा," तो म्हणाला. "कॉक कुठं होता आणि तुम्ही हात कसा घालायचा ते."

मी डोक्याचा टॉवेल काढला. खुंटी नव्हती, म्हणून पोराच्या हातात दिला. बाही वर सारली. उजवा हात भिंतीला टेकवला, पाय सिमेंटला लावला, आणि डावा हात कोपर उंच ठेवून, जिथं पट्टा असायचा त्याच्या वरून मागं नेला. हात बरोबर तिथं गेला.

तो बघत होता. मग माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्यानं आपला उजवा हात तसाच वर उचलला.